गाणं लिहाल, तर गाणारीचं नावही लिहा

एरंडोलहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. माइकसमोर एकजण बसली आहे, पण आजचं बोलणं आम्ही सगळ्यांनी मिळून तयार केलं आहे. म्हणून सगळीकडे ‘आम्ही’ असंच म्हणू.

आज आम्हांला आमच्या हातून झालेली एक चूक तुम्हांला सांगायची आहे. त्या चुकीतून आम्ही काय शिकलो, तेही सांगायचं आहे.

आखाजी आली की आपल्या खान्देशात लेकी माहेरी येतात. लिंबाला झोका बांधला जातो, गौराई बसते आणि गाणी सुरू होतात. पण गेली काही वर्षं झोक्यावर गाणाऱ्या बायका कमी झाल्या. मोबाइलवरची गाणी सगळ्यांना येतात, झोक्यावरची निम्मीच आठवतात. पहिल्या दोन ओळी झाल्या की सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघतात. म्हणून गटाच्या बैठकीत आम्ही ठरवलं, की आखाजीची, कानबाईची, हळदीची, घट्यावरची जी गाणी आपल्या म्हाताऱ्यांना येतात, ती एका वहीत उतरवून घ्यायची. शंभर पानी वही आणली. आमच्यातल्या दोघी बारावी शिकलेल्या आहेत, त्यांनी लिहायचं काम घेतलं.

आमच्या गल्लीत एक आजी आहेत. त्यांना सगळे मोठी माय म्हणतात. त्यांच्याकडे दोन दुपारी बसलो. त्या गात होत्या, आम्ही लिहीत होतो. वही घरी आणली आणि रात्री पक्की केली. पक्की केली म्हणजे काय केलं? जिथे ‘शे’ होतं तिथे ‘आहे’ लिहिलं. ‘मन्ही’चं ‘माझी’ केलं. ‘आंडेर’ खोडून ‘लेक’ लिहिलं, ‘पानी’चं ‘पाणी’ केलं. एका ठिकाणी सासूविषयी जरा कडक शब्द होता, तो मऊ केला. एक ओळ आम्हांला कळलीच नाही, ती सोडून दिली. असं करा, म्हणून आम्हांला कोणी सांगितलं नव्हतं. शाळेत अहिराणी बोललो की हसत असत, ते मनात बसलेलं होतं. लिहायचं म्हणजे शुद्धच लिहायचं, असं आम्हीच धरून चाललो.

पुढच्या आठवड्यात वही घेऊन मोठ्या मायकडे गेलो आणि मोठ्या कौतुकाने वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “हाई मन्हं गानं नही. हाई ते शाळानं गानं शे.”

आम्ही गप्प झालो. मग त्यांनी तेच गाणं पुन्हा म्हटलं, आणि म्हणताना बसल्या जागी झोक्यासारख्या डोलल्या. तेव्हा आमच्या लक्षात आलं. झोका पुढे जाऊन जिथे वळतो, तिथे ओळ संपते. त्या वळणावर ‘शे’ बरोबर बसतं, एका ठोक्यात. तिथे ‘आहे’ म्हणायला गेलं की झोका मागे फिरलेला असतो आणि शब्द अजून तोंडातच असतो. आमच्या वहीतलं गाणं वाचता येत होतं, पण झोक्यावर म्हणता येत नव्हतं.

त्या दिवसापासून आम्ही विचार करू लागलो, की आपल्या आधी ज्यांनी गाणी लिहून ठेवली, त्यांनी ती कशी लिहिली असतील? थोडं वाचलं, थोडं जाणत्यांना विचारलं. जे कळलं ते सांगतो.

पहिलं उदाहरण आपल्या जिल्ह्यातलंच. बहिणाबाई चौधरी. जळगावजवळच्या आसोद्याच्या त्या माहेरवाशीण, १८८०चा त्यांचा जन्म. लग्न होऊन जळगावला चौधऱ्यांच्या घरी आल्या. ऐन तारुण्यात वैधव्य आलं. शेत, घर, पोरंबाळं सगळं त्यांनी एकटीने ओढलं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. काम करता करता त्या गाणी रचत आणि म्हणत. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी ती ऐकून कागदावर उतरवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. नंतर सोपानदेवांनी ती गाणी संकोचतच आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्र्यांनी ती छापायचा आग्रह धरला आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, शाळेच्या पुस्तकात त्यांच्या कविता आहेत.

हे तुम्हांला ठाऊकच असेल. पण एक गोष्ट पाहा. सोपानदेव स्वतः कवी होते. प्रमाण मराठीत लिहिणारे होते. आईची गाणी ‘सुधारून’ घ्यावी, असं त्यांनी ठरवलं असतं तर त्यांना ते सहज जमलं असतं. मग आपल्या हातात एक साधं, नीटनेटकं पुस्तक आलं असतं आणि कदाचित विसरूनही गेलं असतं. ती गाणी बहिणाबाईंच्या घरच्या, शेतातल्या बोलीतच छापली गेली. ज्या बोलीला लोक हसत होते, त्याच बोलीतली गाणी आज सारा महाराष्ट्र म्हणतो. आणि पुस्तकावर नाव लिहिणाऱ्याचं नाही, आईचं आहे. आम्ही वही पक्की करताना नेमकं याच्या उलट केलं होतं.

दुसरं उदाहरण साने गुरुजींचं. गुरुजी कोकणातले, पण १९२४ पासून सहा वर्षं ते आपल्या शेजारच्या अमळनेरला शिक्षक होते. पुढे स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात गेले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे आणि गुरुजी एकत्र होते. २१ फेब्रुवारीपासून दर रविवारी विनोबा गीतेवर बोलत. अशी अठरा प्रवचनं झाली. विनोबांनी ती लिहिली नव्हती, ते फक्त बोलले. गुरुजींनी भराभर लिहून घेतलं आणि त्यातून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झालं. धुळ्याच्या तुरुंगात त्या वेळी गुरुजींचा हात थांबला असता, तर ते बोलणं तिथेच विरून गेलं असतं.

याच गुरुजींनी आपल्या आयाबहिणींच्या ओव्याही गोळा केल्या. दळताना, कांडताना, बाळाला आंदुळताना म्हटलेल्या ओव्या. माहेर, भाऊ, बाळ, संसार अशा विषयांप्रमाणे त्या लावल्या, समजावून सांगितल्या आणि ‘स्त्रीजीवन’ या नावाने दोन भागांत छापल्या. अडाणी म्हणून बाजूला ठेवलेल्या बायकांच्या तोंडी केवढं काव्य आहे, हे त्यांनी शिकलेल्या लोकांना दाखवून दिलं. त्यांचे उपकार आपण विसरायचे नाहीत.

तरी आमच्या बैठकीत एकीने प्रश्न काढला. हात तोच, प्रेमही तेच. तुरुंगात ऐकलेलं बोलणं लिहिलं, तर विनोबांचं नाव राहिलं. ते साहजिकच आहे. पण ज्या बायकांनी ओव्या म्हटल्या, त्या कोण होत्या? कोणत्या गावच्या? त्या काळी अशा संग्रहांत प्रत्येक ओवीखाली गाणारीचं नाव लिहायची रीतच नव्हती. ओवी म्हणजे सगळ्यांची, असं समजत. एका अर्थी ते खरंही आहे. पण ती ओवी त्या दिवशी आठवून म्हणणारी बाई तर एकच होती ना?

आता तुम्हांला थोडं लांब नेतो, जर्मनी देशात. कारण हा पेच तिकडेही पडला होता.

योहानेस ब्राम्स नावाचा एक मोठा संगीतकार होता. जन्म १८३३, मृत्यू १८९७. त्याची एक अंगाई जगभर गेली आहे. चावी दिली की वाजणाऱ्या खेळण्यांतून ती चाल तुमच्याही कानावर पडली असेल. या ब्राम्सला लहान वयापासून आपल्या देशातल्या खेड्यापाड्यांच्या गाण्यांचं वेड होतं. जुन्या पुस्तकांतून तो ती गाणी स्वतःच्या हाताने उतरवून काढी. १८५८ साली त्याने मुलांसाठी लोकगीतांचं एक छोटं पुस्तक केलं आणि आपल्या मित्राच्या पोरक्या झालेल्या मुलांना ते अर्पण केलं. पुढे १८९४ साली, म्हातारपणी, ४९ लोकगीतं पियानोच्या साथीसह सात वह्यांत छापली. पियानो म्हणजे आपल्या पेटीसारख्याच पट्ट्यांचं, पण मोठं वाद्य.

त्या काळातली त्याची पत्रं आहेत. मैत्रीण क्लारा शूमान हिला, पुस्तकं छापणाऱ्या झिमरॉकला, आणखी जाणकारांना लिहिलेली. झिमरॉकला त्याने कळवलं, की या संग्रहातलं शेवटचं गाणं तेच आहे, जे मी माझ्या पहिल्या छापील रचनेत घेतलं होतं. सापाने आपलीच शेपटी तोंडात धरावी, तसं हे झालं आहे. म्हणजे पाहा, विसाव्या वर्षी ज्या गाण्यावर मन बसलं, त्याच गाण्याशी तो साठी ओलांडल्यावर परत आला. आपल्याकडे म्हातारपणी माहेरची ओवी आठवावी, तसंच हे.

पण त्याच पत्रांतून त्याचा रागही दिसतो. त्याच सुमाराला जर्मनीत लोकगीतांचा दुसरा मोठा संग्रह निघत होता. एर्क नावाच्या गृहस्थांनी आयुष्यभर गाणी जमवली होती आणि त्यांच्या मागे ब्योमे यांनी ती तीन जाड भागांत छापली. ब्राम्सला तो संग्रह मुळीच आवडला नाही. बरंवाईट न निवडता सगळं भरून टाकलं आहे, असं त्याचं म्हणणं. त्याने स्वतः पुष्कळ गाणी घेतली ती जुन्या एका संग्रहातून, क्रेचमर आणि झुकालमाल्यो यांच्या. त्यातली गाणी त्याला फार सुंदर वाटत. पण जाणकारांच्या तपासात दिसलं, की झुकालमाल्योने त्यांतल्या कित्येक गाण्यांवर आपला हात फिरवला होता. काही तर त्याने स्वतःच रचून ‘लोकांची’ म्हणून घातली होती.

गाणी गोड आहेत, याबद्दल वाद नाही. आजही लोक ती आवडीने गातात. पण कोणत्या गाण्यातलं किती गावातल्या बाईचं आणि किती त्या शिकलेल्या माणसाचं, हे आता वेगळं काढायचं कसं? गाणारीचं नाव नाही, गाव नाही, तारीख नाही. परत जाऊन कोणाला विचारणार? दुधात पाणी घातल्यावर दूध तेवढं वेगळं काढता येत नाही, तसं ते झालं.

हे वाचलं तेव्हा आमच्या अंगावर काटा आला. कारण आमच्या शंभर पानी वहीतही आम्ही तेच करत होतो. ‘शे’चं ‘आहे’ करताना आम्हीही दुधात पाणीच घालत होतो. वर मोठ्या मायचं नावही लिहिलं नव्हतं. नुसतं ‘आखाजीचं गाणं – १’, ‘आखाजीचं गाणं – २’ असं लिहिलं होतं.

मग नीट काम कसं करायचं? त्याचाही दाखला आपल्या महाराष्ट्रात आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन इथलेच झालेले गी पॉइटव्हाँ या दोघांनी सोबतीणींसह खेड्याखेड्यांत जाऊन जात्यावरच्या ओव्या जमवल्या. मावळातल्या, डोंगरातल्या गरीब बायकांपासून सुरुवात झाली. १,००,००० हून जास्त ओव्या, १,००० हून जास्त गावं आणि ३,००० हून जास्त गाणाऱ्या, एवढं ते काम वाढलं. पुढे पुष्कळ ओव्या आवाजातही भरून घेतल्या. आणि ओवीसोबत ती कोणी म्हटली, कोणत्या गावात म्हटली, हेही नोंदवलं. २०१७ पासून ‘पारी’ ही संस्था त्यांतल्या ओव्या गाणारीच्या नावागावासकट लोकांपुढे आणते आहे. कोणाच्या घरातली आजी गेली असेल, तरी नातीला तिचं नाव आणि तिची ओवी तिथे सापडू शकते. गी २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली गेल्या. नोंदी मात्र राहिल्या.

मैत्रिणींनो, आता आपल्या गटाचं रजिस्टर आठवा. महिन्याची बचत जमा होते, तेव्हा आपण काय करतो? दहा रुपये असोत की शंभर, नाव लिहिल्याशिवाय पैसे घेत नाही. तारीख घालतो. सही किंवा अंगठा घेतो. एखादीचे पैसे दुसरीच्या नावावर लागले तर तिथल्या तिथे भांडण होतं, आणि व्हायलाच हवं. मग एवढ्या काटेकोर आपण बायका, आणि आजीने सत्तर वर्षं सांभाळलेलं गाणं घेताना तिचं नाव का लिहीत नाही? गाणंही ठेवच आहे. ठेवीवर ठेवणारीचं नाव पाहिजे.

म्हणून आम्ही नवी वही केली. रजिस्टरसारख्याच रेघा मारल्या. आमची पद्धत सांगतो, पटली तर घ्या.

प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर आधी गाणारीचं नाव लिहायचं. तिचं सासरचं गाव आणि माहेरचं गाव, दोन्ही. माहेर मुद्दाम लिहायचं, कारण बहुतेक गाणी माहेरहून येतात. आमच्याच गल्लीत पारोळ्याकडच्या, धरणगावकडच्या, अमळनेरकडच्या सुना आहेत आणि एकच गाणं त्या तीन तऱ्हांनी म्हणतात. मग कोणाचं बरोबर, म्हणून वाद घालायचा नाही. तिन्ही लिहायची, वेगवेगळ्या पानांवर. म्हणणारीने म्हटलं तेच तिचं बरोबर.

गाणं कोणाकडून शिकली, ते विचारायचं. आईकडून, आत्याकडून, शेतात बरोबर निंदणाऱ्या बाईकडून, जे असेल ते. कधी म्हणतात, तेही लिहायचं. झोक्यावर, घट्यावर, हळदीला, की कानबाईच्या जागरणाला. शेवटी तारीख आणि लिहिणारीचं नाव. म्हणजे चूक झाली तर कोणाला विचारायचं ते कळेल.

शब्द तोंडातून आला तसा लिहायचा. अहिराणी असेल तर अहिराणी, लेवा बोली असेल तर लेवा, भिली असेल तर भिली. कळला नाही तर सोडायचा नाही. ऐकू आला तसा लिहायचा आणि समोरच्या कोऱ्या पानावर अर्थ विचारून टिपायचा. आम्ही मोठ्या मायची सोडलेली ओळ पुन्हा विचारली. तिच्यात मोटेच्या एका भागाचं नाव निघालं. विहिरीवरची मोट आम्ही पाहिलेलीच नाही, म्हणून तो शब्द आम्हांला परका होता. ओळ गाळली असती तर मोटेबरोबर तो शब्दही गेला असता.

मोबाइलवर आवाज भरून घेत असाल तर आधी परवानगी विचारा. मग गाणारीलाच सुरुवातीला स्वतःचं नाव, गाव आणि तारीख म्हणायला लावा. म्हणजे आवाजाबरोबर नाव आपोआप राहतं. मोबाइल बदलतो, पडतो, हरवतो. म्हणून आवाज दोन ठिकाणी ठेवा आणि वहीचीही एक नक्कल काढून दुसरीच्या घरी ठेवा.

एक अडचण मात्र आम्हांला आली, तीही सांगतो. एका मावशीने फार चांगली गाणी दिली. त्यांत सासरच्या छळाचं होतं, नवऱ्याच्या दारूचं होतं. नाव लिहू लागलो तर त्यांनी हात धरला. म्हणाल्या, घरात कळलं तर बोलणं खावं लागेल. तेव्हा आम्हांला कळलं, की नाव लिहिणं जसं मानाचं, तसं कधी कधी जोखमीचंही असतं. आम्ही त्यांचं ऐकलं. त्या पानावर लिहिलं, ‘गाणारीने नाव लिहू नका म्हणून सांगितलं.’ नाव नाही, पण ते का नाही ते लिहिलेलं आहे. आपण विसरलो म्हणून नाव नसणं वेगळं आणि तिने सांगितलं म्हणून नसणं वेगळं. तिचं गाणं, तर हा निर्णयही तिचाच.

नवी वही झाल्यावर आम्ही पुन्हा मोठ्या मायकडे गेलो. या वेळी वाचून दाखवलं नाही, म्हणून दाखवलं. त्या मध्येच आमच्यात मिसळल्या, एका ठिकाणी आमचं चुकलं ते थांबवून सांगितलं, आणि आम्ही तिथल्या तिथे वहीत दुरुस्त केलं. मग डोक्यावरच्या रेघेवर बोट ठेवून आम्ही म्हटलं, “इथे तुमचं नाव लिहिलंय.”

त्या हसल्या. म्हणाल्या, “मन्हं कशाले? मन्ही मायनं लिख.”

आम्ही दोघींचीही नावं लिहिली. मोठ्या मायच्या आईला लिहिता येत नव्हतं. रेशनकार्ड निघालं त्याच्या आधीच ती गेली होती. सातबाऱ्यावर तिचं नाव कधी लागलं नव्हतं. तिचं नाव कागदावर असं पहिल्यांदाच उमटलं असेल, आमच्या गटाच्या वहीत, एका झोक्याच्या गाण्याच्या वर.

येत्या आखाजीला तुमच्याकडेही झोका बांधला जाईल. त्याआधी एक वही आणून ठेवा. पहिलं पान आपल्या घरातल्या आजीपासून सुरू करा. गाण्याच्या आधी तिचं नाव लिहा, आणि ती सांगेल तर तिच्या आईचंही.